फूट पेडल, हेडफोन आणि फेरीबोटीतलं डिक्टेशन : आठ महिने वापरल्यावर

आधी कोण लिहितंय ते सांगते. पणजीत एका वकिलांच्या ऑफिसात मी १२ वर्षं काम करते. आमच्याकडे कोर्टाचं काम कमी. जमिनीची, हाउसिंग सोसायट्यांची, छोट्या कंपन्यांची पत्रं, करार, नोटिसा, बैठकांची इतिवृत्तं हेच जास्त. डिचोलीहून रोज बसने येते. टायपिंगचा वेग मिनिटाला चाळीसच्या आसपास, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. शॉर्टहँड शिकेन शिकेन म्हणताना राहून गेलं.

इतकी वर्षं सर समोर बसून सांगायचे आणि मी टाइप करायचे. अडलं की मान वर करायची, सर थांबायचे. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते फोनवर रेकॉर्ड करून पाठवू लागले. कधी घरातून, कधी गाडीतून, बऱ्याचदा चोडण-रायबंदर फेरीबोटीतून. आता मान वर करून कोणाकडे बघणार?

पहिले पंधरा दिवस फोन टेबलावर ठेवून काम केलं. डाव्या हाताने थांबव, उजव्याने टाइप कर, मागे ने, ते भलतीकडेच जातं, परत ऐक. १० मिनिटांच्या रेकॉर्डिंगला मला ७० मिनिटं लागायची. मला वाटायचं मीच मंद आहे. मग हिशोब केला. माणूस सहज बोलतो ते मिनिटाला १२० ते १५० शब्द. माझी बोटं चाळीस. म्हणजे एकही चूक न करता, एकदाही न थांबता टाइप केलं तरी तीन-चारपट वेळ जाणारच. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला चार तास, असा अंदाज या कामात सर्रास धरतात. आमचा आवाज स्वच्छ कधीच नसतो. मागे फेरीचं इंजिन, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी, आणि पावसाळ्यात तर काही विचारूच नका.

तेव्हा फूट पेडल मागवलं. तीन पट्ट्यांचं, यूएसबीने कॉम्प्युटरला लागणारं. मधली मोठी पट्टी दाबली की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. डावीकडची मागे नेते, उजवीकडची पुढे. सुमारे सहा हजार रुपये गेले, ते सरांनी दिले. बरोबर ट्रान्स्क्रिप्शनचं एक सॉफ्टवेअर, त्याची फुकट आवृत्ती. घरी शिलाई मशीन असल्यामुळे पायाला सवय होती. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरचा आमचा शिपाई म्हणाला, "वहिनी, ब्लाउज शिवता की नोटीस?"

पेडलची खरी करामत पट्ट्यांत नाही, सेटिंगमध्ये आहे, आणि ती मला तिसऱ्या आठवड्यात कळली. पाय उचलला की सॉफ्टवेअर आवाज आपोआप थोडा मागे नेऊन ठेवतं. किती मागे ते आपण ठरवायचं. मी आधी शून्यावर ठेवलं होतं, वेळ वाचेल म्हणून. होत असं होतं की पाय उचलताना अर्धा शब्द पुढे निघून जायचा आणि परत दाबल्यावर वाक्य त्या अर्ध्या शब्दानंतर सुरू व्हायचं. सांध्यावरचा एखादा छोटा शब्द, "ऑफ" किंवा "नॉट", कायमचा गडप. दीड सेकंदावर ठेवल्यापासून शेवटचे दोन-तीन शब्द पुन्हा कानावर येतात आणि सांधा जुळतो. पेडल घेतलंत तर सगळ्यात आधी हे करा.

तक्रारी सांगते. पेडल फरशीवर घसरतं. खाली रबर आहे म्हणतात, पण आमच्या ऑफिसच्या गुळगुळीत लादीवर ते दिवसभरात हातभर पुढे जातं आणि मी खुर्चीतून त्याच्यामागे. शेवटी बाथरूमच्या रबरी पायपुसण्याचा तुकडा कापून खाली घातला. दुसरं, खुर्ची उंच असेल तर पोटऱ्या भरून येतात. टाच जमिनीला टेकलेली हवी, फक्त चवडा हलायला हवा. मी चप्पल काढूनच बसते. तिसरं, पावसाळा. जुलैत डावी पट्टी दाबली की वर यायला आळस करू लागली. स्प्रिंगला गंज. आपल्याकडच्या हवेत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तिथे हे काय टिकणार? शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घातला, अजून चालू आहे.

हेडफोन वायरचेच घ्या. माझ्याकडे मुलाचे ब्लूटूथचे होते, ते आधी लावून पाहिले. पाय दाबला आणि आवाज क्षणभराने आला तर पाय आणि कान यांचं भांडण सुरू होतं. कान पूर्ण झाकणारे, साधे, वायरचे. आवाज फार मोठा ठेवत नाही. कळत नाही म्हणून आवाज वाढवायची सवय पहिल्या महिन्यात लागली होती आणि संध्याकाळी बसमध्ये कान वाजायचे. न कळणारं वाक्य मोठ्याने ऐकून कळत नाही, हळू ऐकून कधीकधी कळतं. सॉफ्टवेअरमध्ये वेग ७५ टक्क्यांवर आणता येतो. त्याच्या खाली नेला की सर दारू प्यायल्यासारखे बोलतात, ऐकवत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस नोट ओपस नावाच्या प्रकारात येतो, आवाज बराच दाबून लहान केलेला. माझ्या सॉफ्टवेअरने तो उघडलाच नाही, दरवेळी बदलून घ्यावा लागायचा. सरांना फोनच्या रेकॉर्डर अॅपमध्ये बोलायला आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकवलं. त्यांना शिकवायला मला जितके दिवस लागले तितक्यात मी पेडल शिकले.

हे झालं सामानाचं. त्याने वेळ वाचला. आज १० मिनिटांना ३० ते ३५ मिनिटं लागतात. पण वेळ कमी झाला म्हणजे अचूकता आली असं मी पहिले दोन महिने समजत होते, आणि तिथेच आपटले.

एका जमिनीच्या व्यवहारात आमचा अशील विकणारा होता. घरातल्या एका वारसाची सही अडली होती, म्हणून सरांनी समोरच्या पक्षाला पत्र सांगितलं की आमचे अशील सध्या विक्रीखत करून देण्याच्या स्थितीत नाहीत. इंग्रजीत, "नॉट इन अ पोझिशन". सर गाडीत होते, "नॉट"मधला ट त्यांनी गिळला. मी ऐकलं "नाऊ इन अ पोझिशन". अगदी स्पष्ट ऐकलं. थांबले नाही, मागे गेले नाही, शंका आली नाही. वाक्य व्याकरणाने बरोबर, अर्थाने सुरेख. सरांना दुपारी कोर्टात जायचं होतं, त्यांनी न वाचता सही केली. चौथ्या दिवशी समोरच्या माणसाचा आभाराचा फोन आला, सब-रजिस्ट्रारकडे कधी येऊ, बँकेशी बोललोय.

सर ओरडले नाहीत. पत्र माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाले, "अगो, हें कितें बरयलां तुवें?" मी रेकॉर्डिंग लावलं. दोघांनी ऐकलं. पहिल्यांदा मला परत "नाऊ"च ऐकू आलं! सरांनाही. तिसऱ्या वेळी हळू केल्यावर जिभेची ती टिचकी सापडली. दिलगिरीचं पत्र गेलं, समोरच्या वकिलांनी समजून घेतलं, पण त्यांच्या अशिलाने नंतर फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून माझी भीती जागा बदलून बसली. आधी जे ऐकू येत नाही त्याची भीती वाटायची. खरं तर ते निरुपद्रवी असतं, तिथे आपण थांबतो, विचारतो. जे चुकीचं पण स्वच्छ ऐकू येतं, ते पत्रातून बाहेर जातं. आता "नॉट", "नाऊ", "नो", "कॅन", "कान्ट", "विदिन", "विदाउट" असे शब्द आले की त्या वाक्याचा उलटा अर्थ घेऊन बघते. उलटाही तितकाच शोभत असेल तर मागे जाऊन परत ऐकते आणि फाइल काढून बघते. त्या पत्राची फाइल उघडली असती तर वारसाची अडचण पहिल्याच पानावर होती.

आकड्यांचं तेच. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी", "सेव्हन्टीन" आणि "सेव्हन्टी" फेरीबोटीत सारखेच. सर्व्हे नंबर १५ पोटविभाग ३ आणि सर्व्हे नंबर ५० पोटविभाग ३ या दोन वेगळ्या माणसांच्या जमिनी असू शकतात. सर्व्हे नंबर आता मी कानावरून टाइप करतच नाही, एक-चौदाच्या उताऱ्यावरून (फॉर्म वन अँड फोर्टीन, म्हणजे गोव्यातला सातबारा) घेते. रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिते आणि दोन्ही जुळतात का ते बोट ठेवून बघते. चेकवर दोन्हींत फरक असेल तर कायद्याने अक्षरातली रक्कम धरतात. म्हणजे टायपिस्टने अक्षरात चूक केली तर तीच खरी.

आता गोव्याचं खास दुखणं. आपल्या गावांची नावं बोलायची एक आणि इंग्रजीत लिहायची भलतीच. माझंच गाव घ्या. बोलताना डिचोली, लिहिताना सुरुवातीला बी आणि शेवटी एम. फोंडा पी ने सुरू. केपे क्यू ने. शेल्डे एक्स ने. सांगे, केपे, पेडणे, सगळ्यांच्या शेपटीला एम. मडगाव, पेडणे, चोडण, कुडचडे यांतला ड इंग्रजीत आर होऊन बसतो. पोर्तुगीजांना आपला ड जमला नाही, त्यांनी र लिहिला. नाकातला स्वर एम ने दाखवला. श साठी त्यांच्याकडे एक्स. हे एकदा कळलं की निम्मी गावं आपोआप बरोबर येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची सावंतवाडीहून काम शिकायला आली होती, हुशार मुलगी. तिने एका नोटिशीत डिचोली डी ने लिहिलं, कान अगदी बरोबर होता तिचा.

आडनावं याहून वाईट. डिसोझा म्हटलं की मी पेन खाली ठेवते. डी नंतर वरती स्वल्पविरामासारखी खूण आहे की डी-ई वेगळं, पुढे झेड की एस, हे आवाजावरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फर्नांडिस आपल्याकडे बहुतेक एस ने संपतात, पण "बहुतेक"वर विक्रीखत करता येत नाही. म्हणून एक वही केली आहे, दोनशे पानी. अशिलाचं नाव त्याच्या आधार किंवा पॅनवर जसं आहे तसं, गाव, सोसायटीचं पूर्ण नाव, सरांचे नेहमीचे शब्द. तेच वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये घातलं. दोन अक्षरं मारली की "कम्युनियन ऑफ अॅसेट्स" (नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता) पूर्ण उमटतं. गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता हा विषय दर दुसऱ्या करारात असतो, त्यामुळे या एका शब्दप्रयोगानेच माझी बोटं बरीच वाचवली. माझ्या मते आठ महिन्यांतली सगळ्यात कामाची वस्तू ही वही आहे. पेडल दुसरं.

कॉम्प्युटरलाच ऐकून टाइप करू दे, असं सगळे सुचवतात. केलं. एका फुकट सेवेवर सरांचं एक रेकॉर्डिंग चढवलं आणि त्यांना कौतुकाने दाखवायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा सर माझ्यावर खरे चिडले. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर जाऊ द्यायचं नसतं, आणि हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही आहे. ते रेकॉर्डिंग मी कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवर पाठवलं, हे मला सांगता येईना. त्यानंतर ते बंद. पुढे कुतूहल म्हणून माझ्याच आवाजात एक खोटं पत्र वाचून पाहिलं. सरळ इंग्रजी वाक्यं त्याने माझ्यापेक्षा नीट लिहिली, हे मान्य. पण मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) "मंडे कार" झालं, कोमुनिदादचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) "कम्युनिटी डॅड", आणि फॉर्म वन अँड फोर्टीनचा सरळ फॉर्म ११४. मी हसून हसून लोटपोट. मग जाणवलं की हे सगळं त्याने बिनदिक्कत लिहिलं होतं, एकही जागा रिकामी न सोडता. "नाऊ" लिहिताना मीही तशीच बिनदिक्कत होते.

रिकामी जागा सोडायला शिकणं सगळ्यात जड गेलं. वाटायचं, सर म्हणतील हिला एवढंही कळत नाही. आता नाही कळलं तर पाच रेघा मारते, पिवळा रंग लावते आणि रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिते, मिनिट आणि सेकंद. तीनदा ऐकून नाही कळलं की पुढे जायचं, हा नियम. गंमत अशी की पुढच्या परिच्छेदात तोच शब्द सर स्पष्ट उच्चारतात आणि मागची जागा आपोआप भरते. म्हणूनच टाइप करण्याआधी शेवटची दोन मिनिटं ऐकते. सरांची सवय आहे, सगळं पत्र सांगून झाल्यावर म्हणायचं, "दुसरा पॅरा काढून टाक, आणि तारीख वीस नको, तीस कर." आधी मी पाळीने टाइप करत जायचे आणि शेवटी कळायचं की अर्धं फुकट गेलं.

पत्रात काय जायचं आणि काय नाही, तोही एक अभ्यास. "न्यू पॅरा", "ठळक कर", "प्रत सेक्रेटरीला" ही सूचना. "येतां, येतां, राव रे" (येतो, थांब रे) हे फेरीबोटवाल्याला. हे मी टाइप केलेलं नाही, पण भाचीने केलं होतं. सरांचं व्याकरण घसरलं तर पत्रात मी गुपचूप सुधारते. बैठकीच्या ठरावात आणि कोणाचं म्हणणं उद्धृत केलेलं असेल तर एक शब्दही हलवत नाही, चुकीचा वाटला तरी बाजूला शेरा लिहून विचारते.

मराठी डिक्टेशन पंचायतीची आणि डिचोली-पेडण्याकडच्या लोकांची असतात. तिथे कानाची अडचण कमी, ऱ्हस्व-दीर्घाची जास्त, कारण बोलताना ते ऐकूच येत नाही. "कूळ" एकदा मी ऱ्हस्व लिहिलं आणि दुसऱ्या बाजूच्या वृद्ध वकिलांनी उत्तरात तो शब्द लाल करून परत पाठवला. माणूस चांगला, पण वेळ भरपूर असलेला.

टाइप झाल्यावर हात मांडीवर ठेवून पूर्ण रेकॉर्डिंग परत ऐकते, नजर स्क्रीनवर. पेडलमुळे हे शक्य झालं, फोनवर कधी धीर झाला नसता. लगेच नाही ऐकत, मध्ये चहा घेते. लगेच ऐकलं तर डोळे जे आठवतंय तेच वाचतात. पहिल्या महिन्यात दोन पानी पत्रावर सरांच्या लाल पेनाच्या नऊ-दहा खुणा असायच्या. आता एक-दोन, त्यातली एक बहुधा सरांनी बोलल्यावर मत बदललं म्हणून.

एक ऑनलाइन कोर्सही घेतला होता, नाव सांगत नाही. त्यात स्टुडिओत रेकॉर्ड केलेले काचेसारखे स्वच्छ आवाज, सगळे अमेरिकन. पैसे वाया. त्यापेक्षा सरांची जुनी रेकॉर्डिंगं आणि त्यांनी सही केलेली पत्रं शेजारी ठेवून रोज वीस मिनिटं सराव केला, तो लागू पडला.

बैठकीच्या रेकॉर्डिंगला यातलं काही फारसं उपयोगी नाही. अकरा माणसं, कोंकणी, इंग्रजी, हिंदी, सगळी एकदम. तिथे मी स्वतः जाऊन बसते आणि कोण बोललं ते वहीत लिहिते.

घ्यावं की नाही? रोज १० मिनिटांहून कमी डिक्टेशन असेल तर पेडल नको, फुकट सॉफ्टवेअर आणि कीबोर्डवरची बटणं पुरेत, वही मात्र करा. अर्धा तास असेल तर घ्या, आणि पायपुसण्याचा तुकडाही. परत घ्यायची वेळ आली तर मी हेच घेईन, फक्त स्प्रिंग आधीच तेल घालून.

काल सरांच्या रेकॉर्डिंगमध्ये ३ मिनिटं ४२ सेकंदांवर एक शब्द लागेना. रेघा मारून ठेवल्या. संध्याकाळी सर काठी टेकत ऑफिसात आले, हेडफोन लावला, चप्पल काढून स्वतः पेडल दाबून बघितलं. चारदा ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "माकाच कळना गो. लिही काय बरं दिसेल ते." मी म्हटलं, "नाही सर, तुम्ही आठवा." ती जागा अजून पिवळीच आहे.